महागडा प्लग म्हणजे योग्य प्लग, हा समज सोडावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर नुकतेच ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या कमी अंतराच्या शर्यतीसाठी, गाडी तयार करू पाहणाऱ्या तरुणांना मार्गदर्शन करण्यात आले. त्यात ‘सर्वप्रथम इरिडियमचे प्लग आणि जास्त क्षमतेची कॉइल बसवून घ्यावी’ असा सल्ला होता. प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग, कॉइल म्हणजे त्या ठिणगीसाठी बॅटरीचे व्होल्टेज वाढवणारा भाग, आणि इरिडियम हा प्लगच्या टोकाला वापरला जाणारा महागडा धातू. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझे वाहनांच्या इलेक्ट्रिक कामाचे गॅरेज आहे आणि ऐरोली, नेरुळ, खारघरपासून घोडबंदर रस्त्यापर्यंतची मुले आपल्या शर्यतीच्या गाड्या घेऊन माझ्याकडे येत असतात. नेमका हाच सल्ला ऐकून, साठवलेले पैसे खर्चून आणि तरीही गाडी मिसिंग करते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून अडखळते, अशी तक्रार घेऊन आलेली मुले मी नेहमी पाहतो, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा, कोणताही भाग स्वतःहून ताकद निर्माण करीत नाही. हवा आणि इंधन यांनी जी ताकद तयार होऊ शकते ती वाया जाऊ न देणे आणि इंजिन जळू न देणे एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे त्याची निवड सिलिंडरमधील दाब, उष्णता आणि इंधन यांवरून करावी लागते, आणि तशी ती केली, तर ड्रॅगच्या गाडीला बहुतेक वेळा साधा निकेलचा, स्वस्तातला प्लगच योग्य ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लग निवडताना पहिला विचार त्याच्या हीट रेंजचा, म्हणजे तो उष्णता किती लवकर बाहेर टाकतो याचा, व्हायला हवा, आणि दुकानात सर्वांत कमी विचारली जाते तीही हीच गोष्ट. प्लगच्या टोकाशी मधल्या इलेक्ट्रोडभोवती जी पांढरी चिनी माती दिसते, तिचा आतला भाग लांब असेल, तर ज्वलनाची उष्णता धातूच्या कवचापर्यंत आणि तिथून हेडपर्यंत, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणापर्यंत, पोहोचायला वेळ लागतो, टोक तापलेले राहते, आणि अशा प्लगला गरम प्लग म्हणतात. हाच भाग आखूड असेल, तर उष्णता चटकन निघून जाते आणि तो थंड प्लग ठरतो. गरम प्लगची ठिणगी अधिक गरम असते असे आमच्या व्यवसायातले काही लोकही सांगतात, पण ठिणगीच्या जोराचा हीट रेंजशी काहीही संबंध नाही. टोकाचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिले, की त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. तेच तापमान ८५० अंशांच्या पुढे सरकू लागले, की ठिणगी पडायच्या आधीच तापलेल्या टोकावर हवा-इंधनाचे मिश्रण पेट घेऊ लागते. पिस्टन अजून वर चढत असताना खालून वर येणारी ताकद आणि वरून खाली दाबणारी आग एकमेकांसमोर उभी राहतात, आणि हा प्रकार काही सेकंद चालला तरी पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. प्लगची हीट रेंज एका क्रमांकाने बदलली, तर टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. इंजिनाची ताकद ७५ ते १०० हॉर्सपॉवरने वाढवली, की प्लग एक पायरी थंड करावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तो सुरुवात करण्यापुरता चांगला आहे. पुढचा निर्णय काढलेल्या प्लगकडे पाहूनच घ्यावा लागतो.

इथेच क्रमांकांचा मोठा घोळ होतो. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड असतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे आकडा जितका मोठा तितका प्लग गरम असतो. एनजीकेचा ८ क्रमांकाचा प्लग चांगल्यापैकी थंड आहे आणि बॉशचा ८ क्रमांकाचा प्लग गरम आहे. ‘आठ नंबरचा द्या’ असे सांगून जो माल मिळेल तो घेऊन येणाऱ्या मुलाला आपण नेमके उलट्या दिशेने गेलो आहोत, हे कळायला मार्गच नसतो. म्हणून पूर्ण सांकेतिक क्रमांक वाचायला शिकावे. उदाहरणार्थ, बीकेआर७ई या एनजीकेच्या प्लगमध्ये ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ‘के’ म्हणजे १६ मिलिमीटरचा पाना लागणारी षट्कोनी बांधणी, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर असलेला, ७ ही हीट रेंज आणि ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. यातल्या आट्यांच्या लांबीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. प्लग आखूड पडला तर हेडमधले मोकळे आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य प्लग नीट बसत नाही. जास्त लांब असला तर तो पिस्टनला लागू शकतो.

आता ड्रॅगच्या गाडीचे वेगळेपण काय, ते सांगतो. पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची धाव आपल्याकडच्या तयार केलेल्या गाड्या बहुधा १२ ते १५ सेकंदांत पूर्ण करतात. एवढ्या वेळात इंजिन पूर्ण थ्रॉटलवर असते, पण त्याआधी ते रांगेत बराच वेळ नुसते चालू असते, टायर गरम करण्यासाठी रेज होते आणि लाँच कंट्रोल लावलेले असेल तर सुरुवातीच्या रेषेवर मुद्दाम ठिणग्या तोडून फेऱ्यांवर रोखून धरलेले असते. ठिणगी तोडली तरी इंधन आत जातच राहते आणि प्लग ओला होतो. म्हणजे एकाच प्लगला रांगेतल्या काजळीलाही तोंड द्यायचे आहे आणि शेवटच्या शंभर मीटरमधल्या भट्टीलाही. फार थंड प्लग लावला तर गाडी रेषेवरच गुदमरते. गरम प्लग ठेवला तर रेषेवर ती छान उभी राहते आणि चौथ्या गिअरमध्ये पिस्टन गमावते. जुने शर्यतवाले इंजिन गरम करायला एक संच आणि धावेला दुसरा, थंड संच लावीत, ते याच कारणाने. वेळ आणि माणसे असतील, तर आजही ही पद्धत उत्तम आहे. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी धावेच्या बाजूने, म्हणजे थोड्या थंड प्लगच्या बाजूने चूक झाली तरी चालेल असे धरून चालावे. काळवंडलेला प्लग बदलता येतो, भोक पडलेल्या पिस्टनसाठी इंजिन उघडावे लागते. मात्र हाच थंड प्लग लावून रोज ठाणे ते वाशी कामावर जाणे योग्य नाही. ऐरोलीच्या पुलावरच्या गर्दीत तो कधीच पुरेसा तापत नाही आणि महिनाभरात गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागते.

हीट रेंजनंतर येते ती गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, आणि माझ्या अनुभवात टर्बो गाड्यांच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच सुटतात. ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल, हे दोन टोकांमधले अंतर आणि मधल्या वायूचा दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९मध्येच दाखवून दिले आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो; त्याचा हा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवला म्हणजे सिलिंडरमधला दाब वाढवला. मग तेवढ्याच गॅपसाठी कॉइलला अधिक व्होल्टेज द्यावे लागते, आणि ते देता आले नाही की ठिणगी पडतच नाही. यावर उपाय म्हणून मोठी कॉइल विकली जाते. त्याआधी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन गॅप कमी करून पाहण्याचा उपाय फुकट आहे. माझ्याकडे नेरुळच्या एका मुलाची १.८ लिटर टर्बो इंजिनाची ऑक्टेव्हिया आली होती. बूस्ट वाढवल्यापासून ती तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या पुढे अडखळत असे. आधीच्या गॅरेजने महागडे इरिडियम प्लग, जवळजवळ १ मिलिमीटर गॅप ठेवून लावले होते आणि चारही कॉइल बदलल्या होत्या. ऑक्सिजन सेन्सरचे रीडिंग अडखळण्याच्या क्षणी मिश्रण पातळ झाल्याचे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचे, दाखवीत होते, म्हणून इंधनही वाढवले होते, आणि त्याने गाडी आणखीच बिघडली होती. वस्तुस्थिती अशी, की ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही तिथली हवा न जळता बाहेर पडते, तिच्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि मिश्रण पातळ असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात इंधन कमी पडलेले नसते. आम्ही इंधनाचा मॅप, म्हणजे इंधन किती द्यायचे याचा गाडीच्या संगणकातला तक्ता, पूर्ववत केला, साधे बीकेआर७ई प्लग ०.७ मिलिमीटर गॅपने लावले, कॉइल त्याच ठेवल्या, आणि गाडी वरपर्यंत स्वच्छ ओढू लागली. या इंजिनासाठी बीकेआर७ई आणि एवढीच गॅप जगभरचे ट्यूनर वापरतात. त्यात आम्ही काही नवे शोधले नाही. मूळ प्रश्न एका फिलर गेजचा होता, एवढेच सांगायचे आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाला मात्र उगाच गॅप कमी करू नये, कारण लहान ठिणगीने मिश्रणाला हवा तसा पहिला पेट मिळत नाही. अडखळत नाही तोवर गॅप शक्य तितकी मोठी ठेवावी, अडखळले की ०.०५ मिलिमीटरने कमी करीत जावे.

धातूचा प्रश्न मी मुद्दाम यानंतर घेतला आहे, कारण तो क्रमाने नंतरच येतो. इरिडियम सुमारे २४४६ अंशांना वितळते, प्लॅटिनम सुमारे १७६८ अंशांना आणि निकेल सुमारे १४५५ अंशांना. म्हणून इरिडियमचे टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतके बारीक करता येते, बारीक टोकावरून ठिणगी थोड्या कमी व्होल्टेजवर उडी घेते, आणि असा प्लग हजारो किलोमीटर झिजत नाही. रोजच्या गाडीसाठी हे गुण मोलाचे आहेत आणि तिथे इरिडियम जरूर वापरावा. ड्रॅगच्या गाडीत प्लग काही धावांनंतर झिजला म्हणून बदलायचा नसतो. तो इंधनाने भिजला, नॉकिंगने, म्हणजे मिश्रणाच्या अवेळी होणाऱ्या स्फोटांनी, फुटला किंवा हीट रेंज चुकली म्हणून बदलायचा असतो. जिथे आयुष्यच मोजायचे नाही तिथे आयुष्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिवाय सारखी गॅप बदलताना बारीक टोकाला जरा धक्का लागला की ते तुटते आणि तुटलेला कण सिलिंडरमध्ये जातो. निकेलच्या जाड टोकाला हा धोका नाही, एका इरिडियम प्लगच्या पैशांत त्याचा बहुधा अख्खा संच येतो, आणि वेगवेगळ्या हीट रेंजचे दोन-तीन संच डब्यात ठेवणे विद्यार्थ्यालाही परवडते. आमच्याकडे ज्याला कॉपर प्लग म्हणतात तो हाच. तांबे त्याच्या गाभ्यात उष्णता वाहून नेण्यासाठी असते, ठिणगी पडते ती निकेलच्या मिश्रधातूवर.

कॉइलच्या बाबतीत छापील व्होल्टेज पाहून भुलू नये. साठ हजार व्होल्टची कॉइल लावली तरी ठिणगी वीस हजारांवर पडत असेल, तर व्होल्टेज तिथेच थांबते. महत्त्वाचे असते ते कॉइलमध्ये ऊर्जा भरायला मिळणारा वेळ, आणि इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. चार सिलिंडरचे इंजिन ८००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये दर १५ मिलिसेकंदांनी एक ठिणगी लागते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर तिला हे सगळे १५ मिलिसेकंद मिळतात. जुन्या होंडा सिटी व्हीटेकसारख्या गाडीत डिस्ट्रिब्युटर असतो, तिथे एकच कॉइल चौघांना पुरवते आणि दोन ठिणग्यांमध्ये फक्त पावणेचार मिलिसेकंद उरतात. त्यातला एखादा मिलिसेकंद ठिणगी जळण्यात जातो आणि भरायला जेमतेम अडीच मिलिसेकंद हाती राहतात. ती कॉइल तेवढ्यात भरली नाही, तर वरच्या फेऱ्यांवर ठिणगी अशक्त पडणारच. अशा गाडीत चांगली कॉइल किंवा प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल लावण्याचा खर्च खरोखर सार्थकी लागतो. स्वतंत्र कॉइल असलेल्या नव्या गाडीत तो बहुतेक वेळा वाया जातो. तसेच ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, कॉइल भरण्याचा वेळ बेसुमार वाढवून ठेवणेही चुकीचे आहे. पूर्ण भरलेल्या कॉइलमधून करंट वाहत राहिला तर ती नुसती तापते आणि शेवटी जळते.

वजन कमी करण्यासाठी अनेक जण अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारे जनित्र, काढून टाकतात किंवा त्याचा पट्टा उतरवतात, त्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. अल्टरनेटर चालू असताना कॉइलला सुमारे १४ व्होल्ट मिळतात, तो काढल्यावर बॅटरीचे १२ आणि इंधनाचा पंप व पंखा चालू असताना त्याहूनही कमी. कॉइलमधला करंट किती वेगाने चढतो हे थेट या व्होल्टेजवर ठरते. गाडी सकाळच्या पहिल्या धावेला उत्तम जाते आणि दुपारी शेवटच्या धावेला वर अडखळते, तेव्हा सगळे प्लगकडे बोट दाखवतात. त्याआधी मल्टिमीटर लावून धावेच्या वेळचे व्होल्टेज पाहावे. परदेशात ड्रॅगसाठी १६ व्होल्टची बॅटरी वापरली जाते ती याच कारणासाठी. आपल्याकडे निदान बॅटरी पूर्ण भरलेली ठेवणे, टर्मिनल स्वच्छ ठेवणे आणि इंजिनापासून बॅटरीपर्यंत जाड अर्थिंगची वायर टाकणे एवढे तरी करता येते. खाडीलगतच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगच्या वायरची टोके आतून हिरवी पडतात आणि वरून काही दिसत नाही. एक पावसाळा गेला की ती उघडून पाहावीत.

सीडीआय, म्हणजे कॅपॅसिटर सुमारे चार-पाचशे व्होल्टला भरून तो एकदम कॉइलमध्ये रिकामा करणारी यंत्रणा, हिच्याविषयी थोडक्यात सांगतो. तिच्या ठिणगीचे व्होल्टेज अतिशय झपाट्याने चढते, त्यामुळे भिजलेल्या प्लगवरही ती पडते आणि अल्कोहोलवर किंवा मोठ्या बूस्टवर चालणाऱ्या इंजिनाला तिचा उपयोग होतो. पण ती ठिणगी टिकते फार कमी वेळ. अनेक ठिणग्या देणारे असे ज्यांचे वर्णन केले जाते, त्या प्रसिद्ध खोक्यांमध्ये अनेक ठिणग्या साधारण ३००० फेऱ्यांपर्यंतच पडतात, पुढे एकच पडते. ड्रॅगची धाव सगळी त्याच्या वरच होते. आणि सीडीआयला तिची स्वतःची कॉइल लागते. साध्या यंत्रणेची कॉइल तिथे किंवा तिची कॉइल इथे लावू नये.

कॉइलपासून प्लगपर्यंत जाणारी हाय टेन्शन वायर आणि प्लगमधला रेझिस्टर यांच्याविषयी एक चुकीचा सल्ला फार पसरला आहे, तो म्हणजे रेझिस्टर काढला की ठिणगी जोरदार होते. प्लगमधला सुमारे ५ हजार ओहमचा रेझिस्टर ठिणगीतून निघणाऱ्या विद्युत गोंगाटाला आळा घालतो. तो काढला, किंवा नुसत्या तांब्याच्या तारेच्या वायर टाकल्या, तर तो गोंगाट क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि ईसीयूला पिस्टन नेमका कुठे आहे हेच चुकीचे कळू लागते. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, भलतीकडे जाते आणि कारण कुणालाच सापडत नाही. ईसीयू असलेल्या प्रत्येक गाडीत ‘आर’ असलेला प्लगच लावावा आणि वायर बदलायच्या असतील तर वेटोळ्याच्या गाभ्याच्या घ्याव्यात, ज्यांचा विरोध कमी असतो आणि गोंगाटही कमी होतो.

अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्यांचे व्हिडिओ पाहून आलेली मुले मॅग्नेटोविषयी, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राविषयी, विचारतात. त्या गाड्या नायट्रोमिथेन या शर्यतीच्या खास इंधनावर चालतात, त्यांना प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि सगळ्या इंजिनाला मिळून दोन मॅग्नेटो असतात, सोळाच्या सोळा प्लग प्रत्येक धावेनंतर बदलले जातात, आणि २००८पासून त्यांची धाव पाव मैलाऐवजी १००० फुटांचीच ठेवली आहे. त्या इंजिनाची गरज आणि पेट्रोलवरच्या चार सिलिंडरची गरज यांत काहीही साम्य नाही. त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रत्येक धावेनंतर प्लग काढून पाहण्याची शिस्त.

इंधनाचा मुद्दा आपल्या पानावर अजिबात आला नव्हता, आणि सध्या तोच सर्वांत तातडीचा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल-मिश्रित इंधन अधिक द्यावे लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला किंवा जुना मॅप तसाच ठेवलेल्या गाडीला हे कळत नाही, आणि पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पातळ होऊन प्लगचे टोक अधिक तापते. दोन वर्षांपूर्वी बरोबर बसलेला प्लग आज त्याच इंजिनात गरम ठरू शकतो. आधी इंधन दुरुस्त करावे, मग प्लगकडे यावे; पातळ मिश्रणावर थंड प्लग हा इलाज नव्हे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंगला आळा घालते, पण चुकीच्या हीट रेंजची भरपाई तेही करीत नाही.

नकली मालाचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत भरलेले बनावट प्लग बाजारात सर्रास मिळतात आणि शर्यतीच्या गाडीत त्यांची हीट रेंज काय असेल याचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही. ओळखण्याची एक सोपी रीत सांगतो. मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या वरच्या टोकाला आणि दुसरी मधल्या इलेक्ट्रोडला लावावी. ‘आर’ छापलेल्या खऱ्या प्लगवर काही हजार ओहमचे रीडिंग येते, बनावटीवर अनेकदा शून्य येते. नव्या प्लगचा वॉशर हाताने सहज निघून येत असेल, आटे खरखरीत असतील किंवा चारही प्लगांची गॅप वेगवेगळी दिसत असेल, तरी संशय घ्यावा. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन स्वस्तात आणले, या आनंदात बिल न घेणे ही सर्वांत मोठी चूक असते. प्लग बसवताना टॉर्क पाना वापरावा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, आणि पाना नसेल तर नवा प्लग हाताने घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. सैल राहिलेला प्लग हेडला उष्णता देऊ शकत नाही आणि कितीही थंड क्रमांकाचा असला तरी तापतो.

शेवटी प्लग वाचण्याविषयी. पूर्ण थ्रॉटलवर धाव संपताच क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करावे आणि गाडी ढकलत आणून प्लग काढावे. परत येताना इंजिन चालवले, की धावेच्या खुणा त्या वेळच्या काजळीखाली झाकल्या जातात. वरून वाकवलेल्या अर्थच्या पट्टीवर जिथे रंग बदलतो ती रेषा पाहावी. ती पट्टीच्या वळणाजवळ असेल तर उष्णता साधारण ठीक आहे, अगदी टोकाकडे असेल तर प्लग थंड पडतो आहे, आणि मुळापर्यंत उतरून आट्यांवरही रंग गेला असेल तर प्लग गरम आहे किंवा टायमिंग फार पुढे आहे. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत करडे ठिपके भिंगाखाली दिसले, तर नॉकिंग सुरू आहे. चकचकीत ठिपके हे पिस्टनचे अॅल्युमिनियम असते आणि त्यानंतर टायमिंग मागे घेतल्याशिवाय पुढची धाव घेऊ नये. बाहेरच्या बाजूला, कवचाच्या लगेच वर दिसणाऱ्या तपकिरी कड्याला मात्र घाबरू नये. गॅस गळतो आहे असे सांगून त्यावरून प्लग विकले जातात, प्रत्यक्षात उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटलेले असतात.

असे वाचन रस्त्यावर होऊच शकत नाही. पाम बीच रस्त्यावर रात्री गाडी पळवून कुणालाही पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून थांबता येत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. त्या रस्त्यावर चालणाऱ्या सामान्य माणसांच्या जिवाचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झालेल्या आहेत. अशा बंदिस्त जागीच गाडी तपासावी.

आपणास विनंती, की वाहनविषयक पानावर यापुढे प्लगविषयी लिहिताना कंपनीबरोबर हीट रेंज, गॅप आणि इंधन यांचाही उल्लेख व्हावा. आणि ठाणे व नवी मुंबईतल्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की गाडीतून काढलेले प्लग कचऱ्यात न टाकता, खोक्यावर सिलिंडरचा क्रमांक आणि गॅप लिहून ते ग्राहकाच्या हाती द्यावेत, आणि बिलावर नव्या प्लगचा पूर्ण सांकेतिक क्रमांक लिहावा.

आपला विश्वासू,
एक गॅरेजचालक वाचक,
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)